डॅशबोर्डात आत जाणारं स्टिअरिंग: २४० मिमी स्ट्रोक, स्क्रू उलटा फिरतोय, एअरबॅगचं काय करायचं?

प्रश्न: रॅक_आणि_कॉलम

नमस्कार मंडळी. लेव्हल ४ च्या (ठरलेल्या परिस्थितीत माणसाशिवाय स्वतः चालणाऱ्या) प्रोटोटाइप गाडीसाठी आत-बाहेर होणाऱ्या स्टिअरिंग कॉलमचं डिझाइन चालू आहे. गाडी पूर्ण स्टिअर-बाय-वायर आहे, म्हणजे कॉलम आणि रॅक (पुढची चाकं वळवणारा दांडा) यांच्यात शाफ्ट नाही, क्लचही नाही. स्टिअरिंग उजवीकडे. सध्याची मांडणी अशी:

स्ट्रोक एकूण २४० मिमी. त्यातले बाहेरच्या टोकाचे ५० मिमी चालकाच्या नेहमीच्या अ‍ॅडजस्टमेंटसाठी. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, पूर्ण बाहेर असताना ओव्हरलॅप ६० मिमी. १२ मिमी व्यासाचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू, दोन स्टार्ट (समांतर चालणारे दोन आटे), लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ८ मिमी, प्लास्टिकचा नट, १२ व्होल्टची ब्रशवाली मोटर. वेग ८० मिमी प्रति सेकंद, म्हणजे पूर्ण स्ट्रोकला ३ सेकंद. हाताला फील देणारी मोटर रिमच्या (हातात धरायच्या चक्राच्या) मागेच बसवली आहे आणि ती रिमबरोबर सरकते.

अडचणी चार:

१) पूर्ण बाहेर असताना रिम जोरात ढकलली की मोटर बंद असूनही कॉलम २-३ मिमी आत सरकतो. ग्रीस बदलून फरक पडला, पण गाडी उन्हात तापली की पुन्हा तेच.

२) पूर्ण बाहेर असताना रिम थरथरते. हॅमर टेस्टमध्ये (हातोडीने ठोकून कंपन मोजताना) उभ्या दिशेची पहिली फ्रीक्वेन्सी २४ हर्ट्झ आली.

३) स्टिअरिंग आत असताना पुढून धडक झाली तर रिममधली एअरबॅग चालकापासून फार लांब राहते. ती बंद ठेवून भागेल का?

४) गाडी वळणावर असताना ताबा माणसाकडे द्यायची वेळ आली तर रिमचा कोन आणि पुढच्या चाकांचा कोन कसा जुळवायचा?

स्ट्रोक कमी करता येणार नाही. गुडघ्यांसमोर मोकळी जागा हवी, त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

उत्तर: पिनियन

पहिल्या अडचणीचं मूळ ग्रीसमध्ये नाही, लीडमध्ये आहे. तुमच्या स्क्रूचा पिच व्यास (आट्याच्या मध्यावरचा व्यास) साधारण १० मिमी. ८ भागिले (३.१४ × १०) म्हणजे ०.२५५. ३० अंशांच्या ट्रॅपेझॉइडल आट्याला स्क्रू स्वतःहून अडकून राहायचा असेल तर घर्षणगुणांक साधारण याच्या वर हवा. स्टीलवर प्लास्टिक आणि मध्ये ग्रीस असताना तो ०.१० ते ०.१५ मिळतो. म्हणजे हा स्क्रू कधीच सेल्फ-लॉकिंग नव्हता. आजवर त्याला मोटरच्या ब्रशचं आणि बेअरिंगचं घर्षण धरून ठेवत होतं. गाडी तापल्यावर ग्रीस पातळ झालं आणि तेवढाही आधार गेला.

एक स्टार्ट, ३ मिमी लीड घ्या. पिच व्यास १०.५ मिमी, गुणोत्तर ०.०९१. घर्षण ०.१२ असेल तर स्क्रू धरतो. त्याची किंमतही आधीच मोजून ठेवा. ८० मिमी/सेकंदासाठी स्क्रू ६०० ऐवजी १६०० आरपीएमने फिरवावा लागेल, आणि कार्यक्षमता सुमारे ६५ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर येईल. सरकवायला ३०० न्यूटन लागतात असं धरलं तर नळ्यांपाशी २४ वॉट हवेत. मोटरकडून आज ३७ वॉट घेत असाल, पुढे ५७ घ्यावे लागतील. आवाज वाढेल, म्हणून नटाच्या आणि मोटरच्या माउंटिंगला रबर द्या.

आता जास्त महत्त्वाचं. ३ मिमी लीडवरही विसंबू नका. सतत कंपन असेल तर ०.०९१ चा स्क्रूसुद्धा हळूहळू उलटा सरकतो. आणि धडकेत चालकाची छाती रिमवर आदळते तेव्हाचा भार काही हजार न्यूटनांचा असतो. यूएन रेग्युलेशन १२ मध्ये छातीचा ठोकळा २४.१ किमी/तास वेगाने रिमवर आदळवतात आणि बल १,१११ डेकान्यूटनच्या, म्हणजे सुमारे ११ किलोन्यूटनच्या वर जाऊ देत नाहीत. त्या मर्यादेच्या खूप खालच्या, नियंत्रित बलाने कॉलम दबला पाहिजे. तो भार प्लास्टिकच्या नटातून गेला तर आटे सोलून निघतील आणि ऊर्जा शोषणाऱ्या पट्टीला वाकायची संधीच मिळणार नाही.

म्हणून स्क्रूला फक्त हलवायचं काम द्या. धरायचं काम वेगळ्या कुलपाला: बाहेरच्या ५० मिमीभर दातेरी पट्टी, त्यात स्प्रिंगने बसणारा खटका, आणि तो उचलायला सोलेनॉइड. वीज गेली तर खटका बसलेलाच राहिला पाहिजे. दातेरी पट्टी कॉलमच्या नळीला थेट वेल्ड करू नका, ऊर्जा शोषणाऱ्या पट्टीमार्फत जोडा. स्क्रूचा ब्रॅकेटही तुटून सुटणारा ठेवा, नाहीतर धडकेत दोन समांतर रस्ते तयार होतात आणि बल दुप्पट दिसतं.

या खटक्याचा नेहमीचा दोष म्हणजे दातावर दात बसणं. तेव्हा सोलेनॉइडचा करंट बंद झालेला दिसतो, खटका मात्र वर अडकलेला असतो. सेन्सर खटक्याच्या टोकावर बसवा, सोलेनॉइडच्या करंटवरून अंदाज बांधू नका. टोक खाली गेलेलं दिसलं नाही तर मोटरने आणखी एक-दोन मिमी सरकवायचं, खटका आपोआप खाचेत पडतो. दातांचा पिच २.५ मिमीच्या आसपास ठेवलात तर अ‍ॅडजस्टमेंट चालकाला पायऱ्यांसारखी वाटत नाही.

उत्तर: कंपनमापी

२४ हर्ट्झ फारच कमी आहे. इंजिन नसलेल्या गाडीत आयडलिंगचा प्रश्न नसला तरी खराब रस्त्यावर चाकांची उडी १० ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि बॉडीचे पहिले मोड साधारण २५ च्या पुढे सुरू होतात. कॉलम त्यात मिसळायला नको. ३६ चं लक्ष्य धरा. फ्रीक्वेन्सी ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे २४ वरून ३६ ला जायला ताठरपणा सव्वादोन पट हवा. नुसती नळीची जाडी वाढवून हे होणार नाही.

आधी दोष कुठे आहे ते मोजा. रिमच्या मध्यावर १०० न्यूटन लटकवा आणि तीन ठिकाणी डायल गेज लावा: क्रॉस-कार बीमवर (डॅशबोर्डामागच्या आडव्या तुळईवर), कॉलमच्या ब्रॅकेटवर, बाहेरच्या नळीच्या टोकाला. पुष्कळदा निम्मं वाकणं ब्रॅकेट आणि बीममध्येच निघतं आणि माणूस नळ्यांशी झगडत बसतो.

तुमच्या बाबतीत मात्र ओव्हरलॅपही दोषी आहेच. ६० मिमी ओव्हरलॅपमध्ये बुशला (नळ्यांमधल्या सरकत्या कडीला) ०.०५ मिमी ढिलाई असेल तर ३०० मिमी पुढे असलेल्या रिमपाशी ती पाव मिमी होते, दोन्ही बुश मोजले तर अर्धा मिमी. ओव्हरलॅप १२० केलात तर ही ढिलाई निम्म्यावर येते. पण दोन नळ्यांत २४० स्ट्रोक आणि १२० ओव्हरलॅप घेतला तर आतलं टोक फायरवॉलपर्यंत (केबिनच्या पुढच्या पत्र्यापर्यंत) जातं, आणि उजव्या बाजूला तिथेच ब्रेकचा पेडल-बॉक्स आहे. दोन मार्ग आहेत. एक, तीन नळ्या. यात सांधे वाढतात आणि प्रत्येक सांध्याची ढिलाई वाढते. दुसरा, नळ्या सोडून द्यायच्या आणि एकमेकींपासून ८०-१०० मिमी अंतरावर दोन रेल घेऊन त्यांवर कॅरेज चालवायची. मी दुसरा निवडेन. रुंद पायावर उभं राहिलं की आडवा ताठरपणा फुकटात मिळतो.

फील देणारी मोटर रिमबरोबर सरकवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रिम आणि एअरबॅग मिळून दोन-अडीच किलो, त्यावर तुम्ही आणखी तीन-चार किलो टोकाला टांगताय. मोटर बीमजवळ स्थिर ठेवून लांब स्प्लाइन शाफ्टने (लांबीत सरकू देणाऱ्या, चर असलेल्या दांड्याने) टॉर्क पोचवता येतो. पण स्प्लाइनमध्ये खडखड आली तर ती थेट हाताला कळते. स्प्लाइनवर नायलॉनचा लेप आणि चरांमध्ये प्रीलोड दिलेले गोळे, हे दोन्ही हवं. रेल निवडलीत आणि ताठरपणा पुरेसा मिळाला तर मात्र मोटर आहे तिथेच राहू द्या, स्प्लाइनची कटकट वाचते.

गोळे वापरलेत तर एक गोष्ट टेस्टमध्ये घाला. स्टिअरिंग महिनोन् महिने एकाच जागी राहिलं आणि रस्ता खराब असला की गोळे रेलमध्ये छोटे खळगे पाडतात. मग सरकताना त्या जागी झटका बसतो आणि मोटरचा करंट उसळतो. पुढे अ‍ॅंटी-पिंचला (काही सापडलं की थांबवणाऱ्या सोयीला) नेमका हाच करंट फसवतो.

उत्तर: पट्टा_आणि_बॅग

तिसरा प्रश्न: नुसती बंद ठेवून भागणार नाही.

रिममधली एअरबॅग साधारण ५० ते ६० लिटरची असते. छाती रिमपासून २५-३० सेमीवर आहे असं धरून तिचा आकार ठरलेला असतो. तुमचं स्टिअरिंग २४० मिमी आत गेलं की हे अंतर ५० सेमीच्या पुढे जातं. बॅग फुगून तयार होईल, पण माणूस तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिची हवा व्हेंटमधून निघू लागलेली असेल आणि डोकं वरच्या कडेवरून घसरून डॅशबोर्डवर जाईल. आत असताना त्या सीटला प्रवासी समजा. डॅशबोर्डात १०० लिटरच्या वरची, प्रवाशाच्या बाजूला असते तशी बॅग द्या, आणि तिला मागून टेकायला आत गेलेल्या रिमचा आणि झाकणाचा पृष्ठभाग किती आधार देतो ते सिम्युलेशनमध्ये बघा. अर्धवट आत गेलेली रिम बॅगला फाडते किंवा वाकवते.

म्हणजे स्टिअरिंग बाहेर असताना रिमची बॅग, आत असताना डॅशबोर्डची. ही निवड करणारा पोझिशन सेन्सर एकच असून चालणार नाही. दोन घ्या आणि दोन वेगळ्या तत्त्वांचे घ्या. उदाहरणार्थ, स्क्रूवरचे हॉल पल्स (चुंबकी सेन्सरने मोजलेले फेरे) आणि रेलच्या दोन्ही टोकांना यांत्रिक मायक्रोस्विच. दोघांचं जमलं नाही तर एअरबॅगच्या ईसीयूने (कंट्रोलरने) शेवटची खात्रीलायक स्थिती धरायची, आणि गाडीने स्टिअरिंग हलवायला नकार द्यायचा.

मधल्या ३ सेकंदांचं काय? तिथे कोणतीही बॅग नीट काम करत नाही, हे मान्य करूनच डिझाइन करावं लागतं. त्या अवस्थेत पट्ट्याचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा ओढून घट्ट करणारी यंत्रणा) ही मुख्य सुरक्षा. त्यामुळे पट्टा लावलेला नसेल तर स्टिअरिंग हलायलाच नको. आपत्कालीन ब्रेक लागला असेल किंवा समोरच्या अडथळ्याशी टक्कर व्हायला २ सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर हालचाल सुरू करू नका. सुरू झाली असेल तर जवळच्या टोकाकडे न्या, मध्ये थांबवू नका.

सीटची पाठ मागे कलती असेल तर पट्टा खांबातून नव्हे, सीटमधूनच आला पाहिजे. नाहीतर माणूस कंबरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो. सीटच्या कोनाची मर्यादाही स्टिअरिंग आत जाण्याच्या परवानगीत घाला.

नियमांबद्दल दोन गोष्टी. यूएन रेग्युलेशन १२ प्रमाणे ४८.३ किमी/तासाच्या अडथळ्यावरच्या धडकेत कॉलमचं टोक १२७ मिमीपेक्षा जास्त मागे यायला नको. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०४ या नियमातही तोच आकडा आहे, आणि भारतात यासाठी एआयएस-०९६ आहे. शाफ्ट नसल्यामुळे तुम्हाला हे सोपं वाटेल. पण आत गेलेल्या कॉलमचं पुढचं टोक फायरवॉलला जवळजवळ टेकलेलं असतं, आणि धडकेत फायरवॉल मागे आली की ती कॉलमला थेट माणसाकडे ढकलते. आत असताना पुढे मोकळी जागा ठेवा किंवा ते टोक चुरडणारं करा. दुसरं, अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षा संस्थेने मार्च २०२२ मध्ये स्वयंचलित गाड्यांसाठी प्रवासी-सुरक्षेचे नियम बदलले. त्यात चालकाची सीट म्हणजे कोणती, हे हाताने चालवायची नियंत्रणं लगेच हाताशी आहेत का यावर ठरतं. म्हणून आत आणि बाहेर अशा दोन्ही अवस्थांसाठी क्रॅश टेस्टचं वेगळं मॅट्रिक्स पहिल्या दिवसापासून धरा.

आणि चालकावर नजर ठेवणारा कॅमेरा कॉलमच्या वर बसवला असेल तर तो तिथून हलवा. स्टिअरिंग आत गेलं की त्याला चेहऱ्याऐवजी डॅशबोर्डचं झाकण दिसतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस जागा आहे का हे कळायला हवं.

उत्तर: शून्य_अंश

कोन जुळवण्याबद्दल. स्टिअरिंग आत असताना रिम फिरवू नका, ती मध्यावर शांत ठेवा. ताबा द्यायची वेळ आली की क्रम असा: रिम आत असतानाच फील-मोटरने ती चाकांच्या कोनाशी जुळवायची, मग बाहेर आणायची, खटका बसला याची खात्री करायची, दोन्ही हात रिमवर आल्याचं कपॅसिटिव्ह (स्पर्श ओळखणाऱ्या) सेन्सरने सांगितलं की मगच अधिकार द्यायचा. बाहेर येताना रिम फिरत असेल तर बोटं रिमच्या आऱ्यांत सापडतात.

किती कोन जुळवायचा त्याचा हिशेब करा. व्हीलबेस २.७ मीटर आणि रेशो (रिमचा कोन भागिले चाकांचा कोन) १४ धरला तर १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर चाकं दीड अंश वळतात आणि रिम सुमारे २२ अंश. १५ मीटर त्रिज्येच्या चौकात मात्र रिम १४० अंशांच्या पुढे जाते. इतक्या वाकड्या रिमवर माणूस हात कुठे ठेवणार? म्हणून प्लॅनरला (गाडीचा मार्ग ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला) अट घाला: पुढचे दहा सेकंद रिमचा कोन १५-२० अंशांच्या आत राहील अशाच जागी ताबा द्यायचा. तशी जागा मिळत नसेल तर गाडीने वळण स्वतः पूर्ण करायचं.

काही जण कोन न जुळवताच ताबा देतात आणि फरक पुढच्या काही सेकंदांत हळूच मुरवतात. हे करू नका. मध्य ५ अंश सरकला तरी चालकाला गाडी एका बाजूला ओढतेय असं वाटतं आणि तो उलटा जोर लावतो. फील-टॉर्क मात्र शून्यापासून एक-दीड सेकंदात चढवत न्या, एकदम देऊ नका.

वेळेसाठी यूएन रेग्युलेशन १५७ चा आधार घ्या. ते लेव्हल ३ च्या लेन-कीपिंगसाठी आहे, तुम्हाला थेट लागू नाही. पण ताबा घ्या अशी सूचना दिल्यापासून किमान १० सेकंद माणसाला मिळाले पाहिजेत हा त्यातला मापदंड चांगला आहे. तपासणी आणि कोन जुळवणी १ सेकंद, बाहेर येणं ३, कुलूप अर्धा. म्हणजे साडेपाच सेकंद हातांसाठी आणि डोळ्यांसाठी उरतात. पुढे कुणी आवाज कमी करायला वेग ४० मिमी/सेकंद करायचं सुचवलं तर हाच हिशेब दाखवा.

मोड बदलाचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, दोन गोष्टी हार्डवेअरमध्येच हव्यात. माणूस चालवत असताना स्टिअरिंग आत जाणं हा आयएसओ २६२६२ या वाहन-सुरक्षा मानकाप्रमाणे एएसआयएल-डी या सर्वांत कडक दर्जाचा धोका धरा. तेव्हा सरकवणाऱ्या मोटरचा पुरवठा वेगळ्या कंट्रोलरच्या हातातल्या स्विचने प्रत्यक्ष तोडलेला हवा. दुसरं, स्टिअरिंग १४० मिमीवर अडकलं तर? तेव्हा ताबा द्यायचाच नाही, गाडीने स्वतः कडेला थांबायचं. लेव्हल ४ कडून तेवढी अपेक्षा आहेच. इन्फिनिटीच्या क्यू५० मध्ये २०१३ साली बाय-वायर स्टिअरिंग आलं, पण तिथे बिघाड झाला की क्लच बसून शाफ्ट जोडला जातो. तुमच्याकडे तो शेवटचा आधार नाही. त्यामुळे रॅकवर दुहेरी वाइंडिंगची मोटर, दोन ईसीयू आणि दोन स्वतंत्र वीजपुरवठे यात काटकसर नको.

रॅक_आणि_कॉलम

मनापासून आभार. ३ मिमी लीड, खटका आणि दोन रेल असं पुन्हा मांडतोय. दोन गोष्टी राहिल्या. अ‍ॅंटी-पिंचचा आकडा किती धरायचा? आणि २४० मिमी सरकणाऱ्या वायरिंगची सोय कशी करायची? सध्या गुंडाळी केलेली केबल आहे, आणि ५०० फेऱ्यांनंतर एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो.

उत्तर: हार्नेस

दिव्याचं कारण बहुतेक असं: एअरबॅगच्या स्क्विबचा (बॅग फुगवणारी ठिणगी देणाऱ्या घटकाचा) रोध जेमतेम २ ओहम असतो आणि ईसीयू तो सतत मोजत असतो. गुंडाळीच्या ताणाने कनेक्टरची पिन किंचित हलली आणि रोध थोडा वाढला की लगेच फॉल्ट नोंदला जातो. गुंडाळी काढून टाका. चपटी केबल इंग्रजी सी अक्षरासारखी वळवून एका मार्गिकेत बसवा. कॅरेज २४० सरकली की वळण १२० सरकतं, आणि केबल तेवढ्यावर कुठेही ताणली जात नाही. वळणाची त्रिज्या केबल बनवणाऱ्याने दिलेल्या किमान त्रिज्येच्या दीडपट ठेवा, कारण थंडीत इन्सुलेशन कडक होतं. दोन्ही टोकांना केबल कनेक्टरच्या ३०-४० मिमी आधी क्लॅम्पने पकडा, म्हणजे पिनला ओढ लागणार नाही. स्क्विबच्या दोन तारा पिळलेल्या आणि सरकवणाऱ्या मोटरच्या पुरवठ्यापासून वेगळ्या मार्गिकेत. रिम फिरण्यासाठीचा नेहमीचा क्लॉक-स्प्रिंग (गोल गुंडाळलेली चपटी केबल) तर लागेलच, त्याला सरकण्याचं काम देऊ नका.

अ‍ॅंटी-पिंचसाठी स्टिअरिंगचा स्वतंत्र आकडा शोधत बसण्यापेक्षा पॉवर विंडोचा १०० न्यूटन हा आकडा कमाल मर्यादा म्हणून धरा. दोन्ही दिशांना धोका आहे. आत जाताना बोटं रिम आणि डॅशबोर्डच्या फटीत सापडतात. बाहेर येताना मांडीवरचा लॅपटॉप किंवा मांडीवर घेतलेलं मूल आणि रिम अशी गाठ पडते. दुसरं जास्त वाईट.

सरकवायलाच ३०० न्यूटन लागत असतील तर त्यात १०० न्यूटनचा अडथळा नुसत्या करंटवरून ओळखणं अवघड आहे, कारण थंड आणि तापलेल्या ग्रीसमधला फरकही तेवढाच असतो. आधी घर्षण खाली आणा. गोळ्यांच्या रेलवर १००-१५० न्यूटन शक्य आहेत. मग करंट, हॉल पल्समधला वेगाचा फरक आणि रिमचा कपॅसिटिव्ह सेन्सर अशा तिन्हींवरून ठरवा. दर वेळी स्ट्रोक सुरळीत पार पडला की त्या तापमानाचा करंटचा नकाशा थोडा अद्ययावत करा, म्हणजे गोळ्यांच्या खळग्यांनी करंट उसळला तरी तो फसवणार नाही.

पिनियन यांच्या ३ मिमी लीडचा एक दुष्परिणाम इथे दिसेल. सरकणारं वस्तुमान ६ किलो धरलं तरी ८० मिमी/सेकंदाला त्याची ऊर्जा ०.०२ जूलही नाही. पण १०० ग्रॅम-सेमी वर्ग जडत्वाचा रोटर १६०० आरपीएमने फिरतोय, त्यात ०.१४ जूल आहेत, म्हणजे सातपट. मोटर बंद केल्यावरही रोटर बोट दाबत राहतो. अडथळा कळल्यावर नुसता पुरवठा तोडू नका, उलट दिशेने ब्रेक लावून २५ मिमी मागे घ्या.

उत्तर: पिनियन

हार्नेस यांचं रोटरबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर लीड वाढवण्यापेक्षा दोन्ही टोकांच्या ३० मिमीमध्ये वेग २० मिमी/सेकंदावर आणा. वेग चौथा हिस्सा झाला की रोटरची ऊर्जा सोळावा हिस्सा होते. दोन्ही टोकं मिळून सव्वादोन सेकंद वाढतात. मधला वेग १०० केलात तर एकूण वेळ पाच सेकंदांच्या आत बसतो. शून्य_अंश यांच्या वेळापत्रकात मग हातांसाठी साडेपाचऐवजी साडेतीन-पावणेचार सेकंद उरतील. ते कमी वाटले तर सूचना दोन सेकंद आधी द्या, टोकाचा वेग वाढवू नका.

टिकाऊपणाची टेस्ट: दिवसाला ६ फेऱ्या, वर्षाला ३०० दिवस, १० वर्षं, म्हणजे १८,०००. ती २०,००० करा. त्यातल्या काही हजार ८५ अंश सेल्सिअसला आणि काही गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली घ्या. नटाची झीज दर २,००० फेऱ्यांनी मोजा, अक्षीय ढिलाई ०.३ मिमीच्या पुढे गेली की खडखड ऐकू येते. धुळीच्या चेंबरमध्ये झाकणासकट ठेवा. आणि झाकणाच्या फटीत एक नाणं, एक किल्ली आणि एक पेनाचं टोपण टाकून बघा. मोबाइल ठेवायला जागा दिसली की माणसं तिथे काहीही ठेवतात.

उत्तर: शून्य_अंश

एक राहिलं. गाडी बंद पडली आणि बॅटरी संपली तर ओढून नेणाऱ्याला रिम बाहेर काढता आली पाहिजे. स्क्रूच्या टोकाला ६ मिमीचं षट्कोनी भोक ठेवा, ते डॅशबोर्डच्या खालच्या पॅनेलमधल्या छोट्या टोपणामागून हाताशी येईल असं. ३ मिमी लीडवर पूर्ण स्ट्रोकला ८० फेरे होतात, किल्लीने दोन-तीन मिनिटांत निघतं. बाहेरच्या ५० मिमीत खटका बाहेर येण्याच्या दिशेने दातांवरून घसरेल, पण आत जाण्याच्या दिशेने अडेल, असा तिरपा कापा. मात्र रिम बाहेर आली म्हणून चाकं वळतील असं नाही, कारण शाफ्ट नाही. म्हणून त्याच टोपणाजवळ बाहेरून १२ व्होल्ट देण्याची जोडणी द्या, ज्यातून रॅकची एक वाइंडिंग तरी जागी होईल. आणि टोपणावर हे चित्रासकट छापा.